सात सूर्यांची किल्ली

...आन वर मलाच म्हणत्यात, काकी, हलू नगा. आवं, हलू नगा म्हंजे? दोन हात माझं, दोन हात पाचट भरल्यालं, त्या उसाच्या पाचटात मुंग्या, तोंडाला पत्र्याच्या पेटीला लावत्यात त्यो चंदेरी रंग, डोक्यावर सायकलच्या रिमेचा मुकुट, आन समोर अख्खं गाव आ करून बसल्यालं. तुमास्नी सांगते, बाईला चार हात असावं आन खाजवाय एक बी मोकळा नसावा, ह्यापरीस वाईट दिस कुठल्या महाराणीवर आलं नसतील. आन हे एक डाव न्हवं. दिवेलागणीपास्नं जेवणवेळंपतुर, गर्दी बदलली की पुन्ना पैल्यापास्नं. कॅसेट मागं फिरवायची, पडदा उघडायचा, मी हुबी, सूर्य विझत्यात, आन पडलं साम्राज्य.

गणपतीतला सजीव देखावा तुमी बघितलाच असंल. त्यात आपुन बोलायचं नसतंय, बोलती ती कॅसेट. आपुन नुसतं तोंड हलवायचं. म्हंजे जलमभर जिनं कुणाचं ऐकून घेतलं न्हाई, तिनं दुसऱ्याच्या शब्दावर तोंड हलवायचं. कुणी सांगितलं हुतं मला? आमच्या मंडळाच्या अध्यक्षानं, ह्या बाळासोनं. गेल्या साली गणपती दूध प्याला म्हणून सगळीकडं बोंब झाली, तवापास्नं ह्या पोरास्नी वाटाय लागलंय की दुनियेत काय बी हुतंय. आला की माझ्याकडं, चप्पल काढून, म्हंजे काम हुतं.

"काकी, पलीकडच्या आळीनं औंदा बी इतिहास घेतलाय. मग आमी म्हटलं, आपुन म्होरचं घिऊ. आभाळातलं. परग्रहावरचं साम्राज्य."

म्हटलं, "घे की. मला कशाला सांगतोयस?"

"महाराणी पायजे. अर्जुना हुणार हुता, पर त्यो पोलीस भरतीला निघालाय, मिशी काढंना. आन काकी, तुमाला काय बी करायचं न्हाई. घरात कोठीच्या दारात तुमी कशा हुब्या रहाताय? तसंच हुबं ऱ्हायचं."

मला वाटलं बाई, कवतिक करतोय.

आता ही कोठी म्हंजे आमची धान्याची खोली. ज्वारी, गहू, शेंगा, डाळी, गूळ, तेलाचा डबा, सगळं तिच्यात. तिची किल्ली माझ्या कमरंला. सासूच्या कमरंची ती माझ्या कमरंला आली, ती बी सासू गेल्यावर. जितेपणी तिनं दिली न्हाई, मी मागितली न्हाई. तवापास्नं न्हाताना सुदिक मी काढत न्हाई. घरात आमी माणसं किती? पोरगं उदयसिंह मिल्ट्रीत, जम्मूला. आमचं मालक मानसिंग, ते बी हवालदार हून पेन्शनीत आल्यालं. मी, आन आमची सून प्रियदर्शनी. सांगलीची, बी.ए. झाल्याली. एवढीच फौज. पर तुमी मला सांगा, मालकाची जमीन, पोराचा पगार, सुनंचं शिक्षाण, मग माझं काय? माझी ती किल्ली. ती गेली की मी कोण? म्हशीकडची बाई.

आन ह्या देखाव्याची गोष्ट लिव्हली कुणी? तिनंच. आमच्या सुनंनं. माहेरी जाऊन, सांगलीत टेप बी करून आणली. मला तालमीच्या दोन दिस आदी गोष्ट सांगितली. म्हणं, तारकेय नावाची जमात हाय आभाळात. चार-चार हात. जेवत न्हाईत, नुसत्या उजेडावर जगत्यात.

म्हटलं, "जेवत न्हाईत? मग बायका दिसभर काय करत्यात?"

"आत्ती, साम्राज्य चालवतात." आत्ती म्हणती मला, सासूला.

तर तीनशे ग्रह त्यांच्या हुकमाखाली. सात सूर्य. त्या सूर्यास्नी कुलपं हायती. महाराणी वज्रप्रभा रोज सकाळी जाती, एकेक सूर्य उघडती, सांजंला कुलूप घालती. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई. मग म्हातारी हुती, लांबच्या सूर्यापतुर जाणं हुत न्हाई, तकडचा सूर्य इझतो, तकडची लोकं अंधाराला कंटाळून दुसऱ्याच्या राज्यात निघून जात्यात. असं करत करत साम्राज्य पडाय आलं, म्होरचं तालमीला बघा म्हणाली. मी म्हटलं, हात चार आन सूर्य सात, हुयाचंच की असं. मला दोन हातात चार म्हशी आवरत्यात. मला काय कळलं न्हाई बघा. एवढं डोळ्यापुढं ठिवलं तरी कळलं न्हाई.

कळलं कवा? तालमीला. कॅसेट लागली. मी सिंहासनावर, मागं आमचं मालक अंगरक्षक, त्यास्नी बी चार हात, त्यातलं दोन कायम सलामीला. आन कॅसेटीतनं महाराणीचा आवाज आला, तो आमच्या सुनंचा. माझ्या तोंडात तिचा आवाज. काय म्हणावा? "हे तारकेयांनो, माझे हात आता थकले. माझे डोळे मंदावले. किरणप्रभे, ये. सात सूर्यांची ही किल्ली आजपासून तुझी." आन किरणप्रभा, म्हंजे महाराणीची सून, म्हणून म्होरं आली कोण? तीच. प्रियदर्शनी. हात पसरून.

देवळाच्या पायरीवर बसल्याल्या बाया पदरात तोंड घालून हसाय लागल्या की हो. एक पदर बाजूला करून म्हणती, "आगं बया, ही तर रंगूबाईचीच गोष्ट."

घरी आले. ती चुलीम्होरं भाकरी थापतीया. म्हटलं, "प्रियदर्शनी, ही महाराणी कोण गं?"

"आत्ती, परग्रहावरची आहे."

"परग्रहावर किल्ली कमरंला बांधत्यात?"

तिनं भाकरी उलटली.

"आन तिचं गुडघं दुखत्यात, जिना चढताना बसती, हे बी परग्रहावरचंच?"

"तिथं गुरुत्वाकर्षण जास्त आहे, आत्ती."

मी चौथी पास. मालकाकडं बघितलं, तर ते ताटातली आमटी बघाय लागलं. सरहद्दीवर ऱ्हायल्याला माणूस, पर सासू-सुनंच्या मधी कदी उतरला न्हाई.

मी म्हटलं, "मग म्हातारीनं देऊच नये किल्ली. काय हुतंय बघू."

"सूर्य विझतील."

"इझू देत. कंदील लावंल."

तर ती तवा उतरवून म्हणाली, हळूच, "आत्ती, किती विझलेत ते तिलाच माहीत नाही. मागच्या कोपऱ्यापर्यंत ती कधीपासून गेलीच नाही." आन मग म्हणाली, "म्हंजे, मागच्या ग्रहापर्यंत."

मी माझं ताट घिऊन तिथनं उठले. का उठले सांगते. आमच्या कोठीतलं मागच्या कोपऱ्यातलं ज्वारीचं पोतं मी पाडव्यापास्नं हलवलं न्हवतं. वाकवत न्हाई, दिसत न्हाई. भाकरीला वास यायला लागल्याला मला बी कळत हुता. मी म्हणायची, औंदाची ज्वारीच तसली.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पर मंडळानं पुठ्ठ्याची किल्ली केल्याली, तिला चांदीचा कागद लावल्याला, ती पैल्याच दिशी बाळासोच्या शेरडानं खाल्ली. बाळासो हात जोडून हुबा. "काकी, लोकं बसल्यात. तुमची द्या की कमरंची. देखावा झाला की तुमची तुमाला."

दिली. काय करता? पडदा उघडल्याला.

मग काय, तुमास्नी सांगते, रोज सांजंला सगळ्या गावाच्या, वरनं इस्लामपूर-तासगावाकडनं टॅक्टरनं आल्याल्या लोकांच्या देखत, मी माझ्या हातानं माझी किल्ली सुनंच्या हातात द्यायची. एकदा देऊन झाली की बाया-माणसं उठायची, दुसरी बसायची, की पुन्ना द्यायची. मी मूठ आवळून धरायची, ती वढायची, लोकास्नी वाटायचं काय ॲक्टिंग हाय. पडदा पडला की माझा हात पैला म्होरं. ती बी गुमान परत द्यायची. एक डाव बी "राहू दे की माझ्याकडं" म्हणाली न्हाई. म्हणाली असती तर भांडाय तरी आलं असतं. आन सकाळी नळावर बायांचं सुरू, "काय वं महाराणी, काल किती डाव दिलीसा?" आवं, दुसऱ्याचं साम्राज्य एकदा पडतं आन इतिहासात जातं. माझं रोज पडाय लागलं, आन लोकं शेंगा खात बघाय लागली.

शेवटी तालुक्याचं परीक्षक येणार त्या दिशी मी ठरवलं. आज द्यायची न्हाई. किल्ली कमरंच्या दोरीला गच्च गाठ मारून बांधली. कॅसेट काय का बोलंना. हात माझा हाय, तिचा न्हवं.

परीक्षक आलं, जीपमधनं, म्होरल्या खुर्च्यावर बसलं. पडदा उघडला. वायरमन बिराप्पा बटणापशी. एकेक सूर्य, म्हंजे एकेक बल्ब, इझवत आणला. सातवा इझला की मी किल्ली द्यायची, आन किल्ली दिली की त्येनं सगळं एकदम पेटवायचं, असं ठरल्यालं. सातवा इझला. काळाकुट्ट अंधार. कॅसेटीतली महाराणी म्हणती, "ही किल्ली आजपासून तुझी." मी मूठ आवळून हुबी. बिराप्पा वाट बघतोय. कॅसेट कशाला वाट बघती? तिचं आपलं सुरूच, "आणि पाहा, सातही सूर्य पुन्हा उजळले, दिशा लख्ख झाल्या." हकडं डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना.

लोकं हसाय लागली. कुठनंतरी एक म्हातारी वरडली, "आगं दे की रंगे, पोरं भ्याल्याती अंधारात." मागनं अंगरक्षक, आमचं मालक, दबक्या आवाजात, "देऊन टाक गं, माझं पाय भरून आलं." मी म्हटलं, "तुमी गप ऱ्हावा, तुमी परग्रहावरचं हायसा." द्यायची न्हाई म्हंजे न्हाई. साम्राज्य आज पडणार न्हाई.

आन त्या अंधारात ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता वढणार. मी दोन्ही खऱ्या हातानं किल्ली धरली. तर ती कानापाशी म्हणाली, "आत्ती, नसेल द्यायची तर नका देऊ. मी बिराप्पांना हळूच हाक देते, ते दिवे लावतील. तुम्ही तशाच उभ्या राहा. लोकांना वाटेल, गोष्ट अशीच आहे."

स्वतः लिव्हल्याली गोष्ट, परीक्षक समोर, आन ही माझ्यापायी मोडाय निघाली.

आता तुमी सांगा, वढणाऱ्यापास्नं किल्ली राखता येती. पर असं बोलणाऱ्यापास्नं कशी राखायची? मी गाठ सोडाय लागले, तर इतकी आवळून ठिवल्याली की सुटंना. पाचटाचं हात मधी यायला लागलं. तिनंच मग चाचपत सोडवली. हळूच हाक दिली, आन बिराप्पानं सूर्य पेटवलं. असल्या टाळ्या झाल्या म्हणता.

बक्षीस मिळालं, पैलं. परीक्षक मला म्हणतोय, "बाई, महाराणीच्या मनातली घालमेल तुम्ही काय दाखवलीत, अंधारातसुद्धा जाणवली." घालमेल कसली डोंबलाची, गाठ सुटत न्हवती.

पडद्यामागं तिनं रोजच्यावानी किल्ली म्होरं केली. मी हात म्होरं केला न्हाई. म्हटलं, "राहू दे आजच्या दिस." म्हंजे मला एकच दिस म्हणायचं हुतं, हे लक्षात घ्या.

सकाळी तिनं कोठी उघडली. सगळी पोती अंगणात. मागल्या पोत्यातनं किडं असं निघालं, जणू तारकेयांची फौज. उदयसिंहाच्या लग्नातलं लाडू निघालं, दगडावानी. कुठल्या तरी उन्हाळ्यातल्या कुरडया निघाल्या, त्या मी दडवून ठिवल्याल्या आन इसरल्याल्या. आळीतल्या बाया टकामका बघत हुब्या. तिनं पदर खोचला. ज्वारी चाळली, उन्हात घातली, निम्मी वाचवली, संध्याकाळी भाकरी केली. वास न्हवता. मालक एक भाकरी जास्त जेवलं, तोंड वर न करता.

पडलं साम्राज्य. आता काय, आयतं बसून खाते, गुडघ्याला आराम हाय, लोकं म्हणत्यात नशीबवान बाई. फकस्त परवा दुपारी च्या ठिवला, गूळ संपल्याला, म्हणून हाक मारली, "प्रियदर्शनी, गूळ काढ गं जरा." तर कोठीच्या दारात हुबी राहून, किल्ली हातात धरून ती म्हणती, "आत्ती, किती पाहिजे?"

आन तक्रार तरी कुणाकडं करू? मी बी तिला ह्याच दारात, ह्याच आवाजात, हेच इचारायची.