रिकामा कप्पा

(दवाखान्यातली कान तपासायची खोली. तान्ही लेक आईच्या मांडीवर झोपलेली. मामा संगणकापुढे, दवाखान्याचा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला. शेजारी तपासणाऱ्या ताई.)

आई: दादा, आडवळणाने नको सांगूस. रिपोर्टात दोन्ही कानांपुढे शून्य आलंय. मोबाईलवर वाचलं तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही.

मामा: ताई, परवा हिची तपासणी पूर्ण झाली होती का?

ताई: कसली पूर्ण? कानात नळी घातली रे घातली, की हिने दवाखाना डोक्यावर घेतला. म्हटलं, दोन दिवसांनी आणा. रिपोर्ट आपोआप मोबाईलवर गेला, हे मला आत्ता कळतंय.

आई: परत आणा म्हणालात, तेव्हाच मला वाटलं, संपलं सगळं.

मामा: मग घोळ माझा आहे. तपासणी झालीच नाही, म्हणून आकड्याचा कप्पा रिकामा राहिला. पण मी प्रोग्रामवर सक्ती केली होती, जे येईल त्याचा आकडा कर. कास्ट म्हणतात त्याला. त्याने रिकाम्याला दामटून आकड्यात बसवलं. झालं शून्य.

आई: शून्य काय नि रिकामं काय, एकच ना?

मामा: नाही गं. शून्य म्हणजे कानाला विचारलं आणि कान गप्प राहिला. रिकामं म्हणजे त्याला अजून कुणी विचारलंच नाही.

आई: म्हणजे तिला ऐकू येतं?

मामा: तेही नाही म्हणता येत. मी कप्पा ऑप्शनल केलाय, आता तो रिकामा राहू शकतो. हे बघ, शून्य गेलं. 'तपासलेलं नाही' आलं.

आई: दोनच शब्द. पण श्वास घेता येतोय रे मला.

ताई: झोपलीये तोवर उरकू. आता नळीतून बारीक टकटक जाईल. कान चांगला असला, तर तो स्वतःच आवाज परत पाठवतो.

आई: कान आवाज काढतो?

ताई: काढतो. इतका बारीक, की फक्त यंत्राला कळतो. इतकी वर्षं बघतेय, तरी अंगावर काटा येतो. आता गप्प बसा सगळे.

मामा: पडद्यावर ती रेघ...

ताई: श्श. उजवा बोलला.

मामा: ही तिची रेघ?

ताई: तिचीच. झोपेत उत्तर देतेय.

आई: आणि डावा?

ताई: थांबा. हलू नका. हां, डावाही.

मामा: केवढीशी आहे गं ही. आणि कुणी विचारायचा अवकाश, लगेच उत्तर.

आई: दादा, परवापासून मी हिच्याशी एक अक्षर बोलले नाहीये. दूध पाजलं, लंगोट बदलले, सगळं मुकाट्याने. वाटलं, कुणासाठी बोलायचं?

ताई: नळी काढलीये. बोला आता.

आई: काही सुचतच नाहीये.

मामा: काहीही बोल. तिला काय, सगळंच नवीन.

आई: ठमे, तू झोप. मी आपली बोलत बसते.