जवळच्या डोंगरावरचा बर्फ

...आणि वर हृषिकेश मलाच विचारतो, "बाबा, मग छोट्या हिलवर जाणं वर्थ आहे की नाही?" अरे गाढवा, मला काय विचारतोस! मी जन्मात चढलो ती एक पर्वती, आणि तीसुद्धा मधल्या पायऱ्यांवर बसत, शेंगदाणे खात! पण आता तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. म्हणजे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. या लॉकडाऊनमध्ये मला दुसरं गिऱ्हाईक कुठलं?

तर आम्ही दोघं, मी आणि आमची नीला, पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, टार्निटला, लेकाकडे तीन महिने राहायला म्हणून आलो, आणि करोनानं बाहेरून कडीच लावली! बघता बघता दुसरा हिवाळा. इथला हिवाळा जुलैत येतो, देवानं कॅलेंडर उलटं टांगलंय! शेवटी एकदाची परतीच्या विमानात जागा मिळाली, पुढच्याच आठवड्याची, तर बाईसाहेब काय म्हणाव्यात? "अंगावर बर्फ पडल्याशिवाय मी विमानात बसणार नाही!" तुम्हाला सांगतो, लग्नापासून एवढी एकच हौस बोलली ती. पैठणी मागितली नाही, पाटल्या मागितल्या नाहीत, मागितला तो बर्फ. आणि तोही जमिनीवरचा नाही हं, वरून पडणारा!

मग लेकानं ही हिल काढली. शेजारच्या भास्करला सांगितलं, तर तो फोनवर किंचाळलाच. दर वर्षी मोठ्या डोंगरावर जातो ना तो, पायाला बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या बांधून! "काका, डोंट गो देअर! ती हिल नाही, स्पीड ब्रेकर आहे! स्नो बघायचा तर मोठ्या माउंटनला जा!" मोठ्या माउंटनचं बुकिंग मिळेना, तिथली खोली मिळेना, आणि सूनबाई चित्रलेखाला गाडी लागते. हृषिकेश आपला एकच पालुपद धरून बसलेला, "बाबा, पण जवळ आहे ना!"

जवळ! दोन तास गाडीत, नाकावर मास्क, मांडीवर पुऱ्यांचा डबा. पोचलो, दाराशी फोननं तो करोनाच्या नोंदीचा काळा-पांढरा चौकोन टिपला, आत गेलो, आणि बघतो तर काय... सगळा डोंगर हिरवागार! मधोमध एक पांढरा पट्टा, कुणी तरी धोतर वाळत घातल्यासारखा! मी म्हटलं, "हृषिकेश, बर्फ कुठाय?" तर म्हणे, "तोच बर्फ, बाबा. मशीननं केलेला." म्हटलं, वा! पण जवळ आहे ना!

आणि वरून? वरून कडकडीत ऊन! नीला बिचारी तळहात पसरून आकाशाकडे बघत उभी, रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी.

आता त्यातच तिनं काय करावं? नातवासाठी, वेदसाठी, भाड्यानं ती प्लास्टिकची घसरगाडी घेतलेली. नवीन वाहन! पूजा केल्याशिवाय पोरगं बसणार कसं? काढल्या पर्समधून हळदीकुंकवाच्या डब्या. कुंकू लागलं नीट, पण हळदीची डबी निसटली, पडली बर्फात, आणि विरघळून असा झकास पिवळा डाग पसरला म्हणता! लाल जॅकेटवाला एक धिप्पाड गोरा धावत आला, डॅरिल नाव त्याचं, बर्फाचं मशीन तोच चालवायचा. त्यानं डागाकडे बघितलं, मग वेदकडे बघितलं... "ओह, मेट! टॉयलेट्स आर ओव्हर देअर!" वेद रडवेला, "इट वॉझंट मी! आजी, सो एम्बॅरसिंग!" आणि मी? मी वेदच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "नो वरीज, मेट! फर्स्ट टाइम!" चित्रलेखानं असं बघितलं माझ्याकडे, की वाटलं, आता मलाच पट्ट्यावरून ढकलणार! मग तिनंच हळद काय, पूजा काय, सगळं समजावलं, आणि तो डॅरिल असा हसला, असा हसला, की माझा दोस्तच झाला. दोन पुऱ्या खाल्ल्या त्यानं.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन वाजले. रात्री बारापासून पुन्हा लॉकडाऊन! झालं, पळापळ! हृषिकेश म्हणतो, "चला, चला, निघा!" नीलानं नुसते हात खाली केले. आता तुम्हीच सांगा, कसं निघायचं? मी गाडीची किल्ली उचलली आणि पुऱ्यांच्या डब्यात तळाशी दडवली! सगळे खिसे उलटेपालटे करतायत, मीही शोधतोय, सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडतोय, "बेजबाबदार कुठले!" आणि हळूच जाऊन डॅरिलला हात जोडले. "मेट, माय वाइफ. स्नो. फ्रॉम अप. प्लीज!" तो म्हणाला, "टू वॉर्म, मेट. ऊन जाऊ दे." आम्ही थांबलो. किल्ली काय सापडतेय होय!

ऊन डोंगरामागे गेलं, गारठा पडला, आणि डॅरिलनं त्या तोफेसारख्या मशीनचं तोंड वर केलं. घर्रर्र! पांढरा फवारा आभाळात, आणि मग सावकाश खाली... नीलाच्या केसांवर, चष्म्यावर, शालीवर. पुण्यात आमची पिठाची गिरणी होती, हुबेहूब तस्सं पीठ उडत होतं! मी पटकन तिला पाठमोरी केली, मशीन दिसू नये म्हणून, आणि ओरडलो, "अगं, आला बघ, खरा बर्फ आला!" ती हसत होती, डोळे मिटून, तोंड वर करून. मनात म्हटलं, जमलं! साऱ्या आयुष्यातली सगळ्यात भारी फसवणूक!

मग किल्ली 'सापडली', निघालो. अंधारात गाडीत मी विचारलं, "काय नीलाबाई, कसा होता खरा बर्फ?" तर शांतपणे म्हणते कशी, "अहो, जन्म गिरणीत गेला माझा. मशीनचा आवाज मला कळत नाही होय? तुम्ही एवढी खटपट करत होतात, म्हटलं, फसून घ्यावं."

मागून वेद खिदळला, चित्रलेखा खिदळली, हृषिकेशनं तर गाडी बाजूला घेतली हसायला!

तर जावं की नाही? जा, जरूर जा. भास्कर म्हणतो तो डोंगर फार छोटा. असेल बुवा. पण परत येताना गाडीत त्याच्याहून छोटा मी बसलो होतो, त्याचं काय!