आतल्या बाजूची नदी

नाव : सगळे काचवाली मावशी म्हणतात, तेच लिहावे. वय : ५३ वर्षे. धंदा : गाड्यांच्या काचा व वायपर बसवणे. राहणार : पेट्रोल पंपासमोर, कारखान्याच्या वरची खोली.

चौकीत हवालदारांसमोर बसून, विचारल्यावरून सांगते की, आज शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजता माझ्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकवलेली जुनी पुढची काच सापडली. ती आपल्याच गाडीची आहे हे गाडीमालकाने खालच्या कोपऱ्यातल्या तड्यावरून ओळखले व हवालदारांनी तडा पाहून खात्री केली. भंगारवाला शनिवारी येतो, म्हणून काच शिल्लक होती.

गाडीमालकाचे वडील बुधवारी पहाटेपासून घरी नाहीत. त्यांनी नदीवर चाळीस वर्षे होडी चालवली. आता त्यांना वार आठवत नाही, जेवण झाले की नाही तेही आठवत नाही.

गाडीमालक महिनाभरात माझ्याकडे तीनदा आले. तक्रार एकच, की वायपर चालतो पण काचेवर रेघा राहतात. मी दोनदा रबर बदलले. सोमवारी ते वैतागून म्हणाले, "मावशी, हे रबर लावलंत की काय? शाळेतलं खोडरबर याहून बरं पुसतं."

मी म्हणाले, "बाळा, वायपर फिरतो बाहेरून, डाग आहेत आतून. अंगण झाडून घर झाडलं जातं का?"

तेव्हा ते म्हणाले, "आत बाबा बसतात. सकाळी दवाखान्यात नेतो. काचेवर वाफ धरली की यांचं बोट सुरू. पुसलं तर रुसतात."

वडील पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी काच खाली करून मला विचारले, "पाणी चढलंय का गं?"

मी म्हणाले, "नाही चढलं, बाबा."

ते म्हणाले, "मग थांबायला नको."

हे मी मुलाला सांगितले नाही. म्हाताऱ्या माणसाचे बोलणे म्हणून सोडून दिले.

तडा वायपरच्या वाटेत आला होता, म्हणून काच बदलायचे ठरले. मंगळवारी दुपारी मी तारेने जुनी काच कापून काढली. तडा कुठवर गेला ते पाहायला आम्ही काचेवर हाफ टाकतो, म्हणजे तोंडाची वाफ सोडतो. मी आतल्या बाजूने हाफ टाकली. काचेवर नदी उमटली. एक वळण, मध्ये बेट, बेटावर एकच झाड. रेघ रोज त्याच जागी ओढल्यासारखी जाड होती. माझ्या हातात फडके होते. डाग दिसला की हात आपोआप फिरतो. मी अर्धे पुसले.

पुढचे का पुसले नाही, असे विचारले. तिथे एक होडी होती, होडीत दोघे बसले होते. वाफ विरेपर्यंत मी बघत राहिले. मग काच भिंतीला लावली आणि नवी बसवली, दोन्ही बाजूंनी लख्ख पुसून.

गाडीमालकाने काल संध्याकाळी येऊन सांगितले, की मंगळवारी घरी जाताना वडील नव्या काचेवर बोट फिरवत राहिले. "माझी नदी कुठे नेलीस रे?" एवढेच विचारले. रात्री जेवले नाहीत. पहाटे दाराची कडी काढलेली होती. धक्क्यावरची एक जुनी होडी कमी आहे. तेव्हा मी त्यांना जुन्या काचेवरच्या नदीचे सांगितले, म्हणून आज हवालदार काच न्यायला आले.

नदीला बेटे अकरा आहेत. झाडाचे बेट कोणते, ते वळणावरून कळेल असे वडिलांबरोबरचे दोन जुने होडीवाले म्हणतात. गाडीमालक त्यांना म्हणाले, "अर्ध्यावरून ओळखाल ना काका?" ते होड्या तयार करायला धक्क्यावर गेले.

काच सध्या चौकीच्या आतल्या खोलीत चादरीवर ठेवली आहे. हवालदार कोणाला जवळ जाऊन श्वासही टाकू देत नाहीत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. अर्धे मी पुसले, ते गाळलेले नाही.

दुपारी चार वाजता, नदी पुन्हा उमटावी म्हणून, काचेखाली उकळत्या पाण्याची किटली धरणार आहेत. दोन होड्या धक्क्यावर तयार आहेत. मलाही हजर राहायला सांगितले आहे. मी हात पाठीमागे धरून उभी राहीन.