साडेपाचला कोरी होणारी पाटी

हॅलो… हॅलो? ठमे, थांब जरा, बाहेर पॅसेजमध्ये येते. आत मशीनच्या पंख्यांपुढे स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही… हं, बोल आता. पण पटकन बोल. आज नर्सिंग प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, सहाला खिडकी बंद. सकाळपासून बूड टेकलेलं नाही माझं.

जेवण कसलं गं… डबा तसाच पडलाय. पण बारानंतर जरा बरं चाललंय. काल पान उघडायला दहा-दहा मिनिटं लागत होती ना, आज सरसर उघडतंय. सकाळी दोन मशीन जास्तीच्या जोडून घेतल्या मी, त्याचा गुण आला. साहेब स्वतः टेबलापाशी आले, म्हणाले, बाई, तुमच्यामुळे आज खात्याची अब्रू राहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. 

हो, हो… अगं ऐक ना, टिल्लीचं काय झालं ते सांग आधी. भरला का फॉर्म? … भरला. … पावतीही आली? चला, सुटलो एकदाचे. दोन वर्षं पोरीनं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. सरकारी साइट सांभाळणारी मावशी, आणि तिचीच भाची फॉर्मविना राहिली असती तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं.

कधी भरला? … काल संध्याकाळी सातला? काल कसा भरला, काल तर साइट…

कुठल्या लिंकवर?

ठमे, हळू बोल. पुन्हा सांग. मी पाठवलेल्या लिंकवर?

अगं, ती सरावाची होती. खरी साइट नाही ती, तिची नक्कल आहे. आमच्या खात्यातल्या मुलांना काही बदल करायचा असला की आधी त्या नकलेवर करून बघतात, म्हणजे खरीला धक्का लागत नाही. मी तुला म्हटलं ना, टिल्लीला त्यावर हात बसवू दे, फोटो कुठे टाकायचा, मार्क कुठे लिहायचे ते बघू दे, आणि सकाळी लवकर उठून खऱ्या साइटवर भरा. … हं. घाईत राहून गेलं. पावती आली म्हटल्यावर झालंच काम, असं वाटलं. पावती येणारच गं, साइटची नक्कल तशी पावतीचीही नक्कल. काडीची किंमत नाही तिला.

नाही, तुझं नाही, माझंच चुकलं. ती लिंक बाहेर कुणाला द्यायची नाही असा नियमच आहे. तू रडायला लागलीस आणि मी पाघळले.

बरं, ऐक. पाच वाजायला दहा कमी आहेत. तासाच्या वर वेळ आहे अजून. टिल्लीला हाक मार, बसव खऱ्या साइटवर. … घरी नाही? … सिनेमाला? आज? … हो, फॉर्म भरून झाला म्हणून. मैत्रिणींबरोबर. मग लाव तिला फोन. … बंद. लाव, लावत राहा.

थांब. मैत्रिणींचेही फॉर्म भरून झाले?

त्यांनी कुठे भरले, ठमे?

… खरं सांग मला.

किती जणांना पाठवलीस ती लिंक? … क्लासच्या पालकांचा ग्रुप. किती माणसं आहेत त्यात? … दोनशे. आणि पुढे? … क्लासच्या सरांनी आज दुपारी सगळ्या शाखांना पाठवली. बरं. … आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं काय केलं? … काचेवर कागद लावला. नर्सिंगचा फॉर्म पाच मिनिटांत. … रांग लागलीय. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून ठाऊक आहे, तरी मी तुलाच दिली ती लिंक.

काय लिहिलं होतंस वर? वाच. … "माझी ताई सरकारात आहे, तिनं खास दिलीय." … अजून काय? … "सगळ्यांच्याच लेकींना उपयोग होऊ दे." हं. नाही गं, रागावले नाही. रागवायला वेळ नाही आता.

धर, फोन ठेवू नकोस. मी टेबलापाशी जाते… जरा सरकता का, मला बसायचंय. नाही, चहा नको. काही झालं नाही, बघू दे मला… ठमे, आहेस ना? उघडतेय सरावाची साइट. रोज इथे सहा-सात फॉर्म असतात, आमच्याच पोरांनी भरलेले. नाव अबक, गाव कखग, वडिलांचा धंदा राजा, असले काहीतरी. आज…

बाराशे सदतीस.

नाही, अडतीस. माझ्या डोळ्यांदेखत वाढतायत गं. थांब, ह्या साइटचं दार तरी लावून घेते, तेवढं मला करता येतं… लावलं. बाराशे एकेचाळीसवर थांबलं. आता रांगेतले लोक पुन्हा खऱ्या साइटवर येतील, तिची दमछाक होईल, होऊ दे.

कळलं का तुला, दुपारपासून तिकडची गर्दी का कमी झाली ते? माझ्या मशीनचा काही संबंध नाही. गर्दी तू इकडे वळवलीस, आणि शाबासकी खाऊन बसले मी. साहेबांनी तर वरतीही कळवलंय.

आता नीट ऐक, मध्ये बोलू नकोस. ही सरावाची साइट रोज साडेपाचला आपोआप पुसली जाते. आमची मुलं घरी गेली की पाटी कोरी, दुसऱ्या दिवशी नव्यानं गिरवा. आज साडेपाचला हे सगळे फॉर्म जाणार, आणि सहाला खरी खिडकी बंद. पोरी पावती हातात धरून निवांत बसतील. यादी लागेल तेव्हा नाव नाही. … हो, तेव्हाच कळेल त्यांना. वर्ष गेलं.

तू आधी ग्रुपवर लिही. मी दिलेली लिंक खोटी आहे, पुन्हा भरा. … लाज वाटते? ठमे, लाज नंतर बसून वाटून घे, आत्ता लिही. आणि चप्पल घाल, त्या झेरॉक्सवाल्याकडे जा, कागद फाड. त्यानं फाडला नाही तर तू फाड. … मला माहितीये गं, ग्रुपवर लिहून सगळ्या थोड्याच वाचणार. काम झालेलं माणूस कशाला फोन बघतंय. बाराशे जणींना मी एकटी फोन लावत बसले तर रात्र व्हायची.

काय म्हणालीस? टिल्लीचा तेवढा हलवू? … हो, येतं मला ते. एका फॉर्मची ओळ इथून उचलून खऱ्या साइटवर ठेवायची, तेवढी मुभा आहे माझ्याकडे. कुणाचा अडकलेला फॉर्म सोडवायचा असला तर करते मी तसं. एका वेळी एक. दोन मिनिटांचं काम. … नाही, कुणाला कळणारही नाही.

थांब, शोधते… सापडली. फोटो चांगला आलाय गं टिल्लीचा. मोठी दिसायला लागली पोरगी.

… अगं, गप्प बस जरा. मी बघतेय. हिच्या खालची पोरगी आहे ना, फोटोसाठी मागे पलंगावरची चादर धरलीय, धरणाऱ्याची बोटं आलीयत फोटोत. वडिलांच्या रकान्यात नुसती रेघ. मार्क बघ तरी, टिल्लीपेक्षा चार जास्त. तिच्या खाली जुळ्या बहिणी. त्यांच्या खालची तिसऱ्यांदा भरतेय, वयात बसायचं हे शेवटचं वर्ष तिचं.

नाही ठमे. टिल्लीची ओळ मी ह्या सगळ्यांच्या समोरून उचलायची? नाही जमणार मला. … दे, शिव्या दे, ऐकते मी. … आपलेच दात आणि आपलेच ओठ, मला काय कळत नाही का? तिचा पहिला आंघोळीचा टब मी आणलाय. … मग? उद्या ती वॉर्डात उभी राहील तेव्हा तिला काय सांगू, बाराशे जणींना तिथेच सोडून तुला तेवढी उचलली म्हणून?

रड, पण चालत राहा. झेरॉक्सवाला गाठ.

मी साहेबांकडे निघालेय. पुसणं त्यांच्या हुकमानंच थांबतं. आणि फॉर्म खऱ्या यादीत घ्यायचे तर त्यांच्याही वरची परवानगी लागते. म्हणजे लिंक बाहेर कशी गेली ते सांगावं लागणार. … जाईलही नोकरी. … माहीत नाही गं, कर्जाचं नंतर बघू, घाबरवू नकोस मला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकून बसलीय, जिना चढतेय, धाप लागतेय… हं… पाच वाजून अकरा मिनिटं. … तू तिकडे काय करतेयस? … फाडलास? शहाणी माझी.

साहेब आत आहेत ना? … मीटिंग असू दे हो, मला आत सोडा. … ठमे, तू बोलू नकोस आता, पण फोन ठेवूही नकोस. तू आहेस एवढं असू दे.

साहेब, येऊ का? … माफ करा, नंतर नाही चालणार. पडद्यावर सचिव मॅडम आहेत का? नमस्कार मॅडम. … साहेब, सरावाच्या साइटवर बाराशेच्या वर मुलींचे फॉर्म आलेत, खऱ्या मुलींचे. त्यांना वाटतंय प्रवेशाचा अर्ज झाला. साडेपाचला पुसले जातील. … नाही साहेब, आमच्या पोरांचे नाहीत, मी स्वतः उघडून पाहिलेत. … सांगते, सगळं सांगते, आधी ते पुसणं थांबवा. कंट्रोल रूमला तुम्हीच फोन लावा, माझं नाही ऐकणार ते.

… थांबलं का? … नक्की ना साहेब? … ठमे, थांबलं गं.

साहेब, पडद्याचा आवाज का बंद केलात? … म्हणजे मॅडमना काय सांगायचं, बाहेरच्या कुणीतरी लिंक चोरली? … हो, कळतंय मला. तुमच्यावरही येणार नाही, माझ्यावरही येणार नाही. माझ्या भल्याचंच सांगताय. … पण साहेब, चोरीच्या लिंकवरचे फॉर्म खऱ्या यादीत कोण घेईल? खोटे म्हणून टोपलीत जातील. पोरींचं वर्ष जायचं ते जाणारच.

… नाही साहेब. … नाही म्हणते ना मी. आवाज चालू करा. … करा, तुम्हाला ढकलून बटण दाबायला मला बरं वाटणार नाही.

मॅडम, लिंक कुणी चोरली नाही. मी दिली. काल संध्याकाळी, माझ्या बहिणीला. तिनं चांगल्या मनानं पुढे पाठवली. त्या मुलींची यात काही चूक नाही, त्यांनी सरकारी साइट समजूनच भरलंय. … हो, माझी भाची आहे त्यांच्यात. … नाही मॅडम, तिचं वेगळं काही करू नका. ह्या सगळ्यांचं जे होईल ते तिचं होईल. … हो, नियम ठाऊक होता मला.

पुरावा? … आहे ना. ह्याच फोनवरून पाठवली होती. … आत्ता? … ठमे, रडू नकोस, फोन द्यावा लागतोय मला. टिल्ली आली की खरं काय ते सगळं सांग तिला… घ्या साहेब. नाही, काही पुसलेलं नाही. सगळं आहे त्यात.