आतली भिंत

या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय प्रभाकरराव, व्यासपीठावरील सन्माननीय मंडळी, ज्यांना निरोप देताना जीभ जड होते त्या आपल्या डॉक्टर अस्मिताताई, आणि समस्त अल्लीपूरकर बंधुभगिनींनो!

पुढच्या रांगेत आमच्या सौभाग्यवती, देवकाबाई, बसल्या आहेत. "घरचं सांगू नोका जी," अशी ताकीद आहे. पण माईक माझ्या हातात आहे.

आमच्या सुनेचं, वर्षालीचं, पहिलं बाळंतपण सिझरनं झालं. मुलगी झाली. सव्वा महिन्यानं देवकाबाईंनी तिला सिंदीहून, माहेरून आणलं. पोटावरची खूण पाहून म्हणाल्या, "टाका त वाळला! आता वर्षाच्या आत नातू येऊ दे."

वर्षाली घाबरली. मी दोघींना ताईंकडे नेलं. ताईंनी देवकाबाईंना विचारलं,

"काकू, मातीची भिंत लिंपली की वरून कधी वाळते?"

"दोन दिसात."

"आणि आतून?"

देवकाबाई गप्प! मंडळी, हे मला चाळीस वर्षांत जमलं होतं का?

मग ताईंनी समजावलं. कातडी लवकर जुळते. गर्भाशयाच्या भिंतीतल्या व्रणाला बळ यायला महिने लागतात. घाईनं दिवस राहिले, तर कळांच्या जोरानं तो फाटण्याची भीती वाढते. मग आई, बाळ, दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. दीड-दोन वर्षं थांबा. आमच्या रोशनला पाळणा लांबवायची साधनंही दिली.

पण देवकाबाईंचा लेकावर भरवसा? त्यांनी आपली गादी सुनेच्या खोलीत मधोमध टाकली. रोशन ओसरीवर, माझ्या शेजारी.

"बाबा, हे कवापर्यंत चालन?"

"भिंत वाळेपर्यंत."

शेवटी ताईच म्हणाल्या, "काकू, साधनं आहेत ना, गादी उचला."

"तुमच्या साधनाईले घोरता येते काय?"

दोन वर्षांनी गादी उठली, मग सवडीनं दिवस राहिले. ताईंनी सगळं तपासून वर्षालीला वर्ध्याला नेलं. ऑपरेशनची तयारी हाताशी ठेवून कळांची वाट पाहिली. बाहेर आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दार उघडून ताई बाहेर आल्या.

"मोकळी झाली. सिझर नाही करावं लागलं."

मला वाटलं, आता नातवाचं विचारतील. देवकाबाई म्हणाल्या, "बाई, आतली भिंत कशी हाय?"

"शाबूत."

तेव्हा त्या रडल्या. ईरा, दुसरी नात, नंतर हातात आली. रोशननं हळूच छेडलं, "आई, नातवाचं काय मग?"

"गादी अजून हाय माह्यापाशी!"

ताई, नव्या गावीही अशाच भिंती सांभाळा. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. देवकाबाई घालतील, असं मला इथून दिसत नाही.