पासपोर्ट माझ्याकडे दे

...नाही गं, घाबरायचं काय त्यात? इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, आणि तो पासपोर्टाशिवाय होतच नाही. कुवेतमध्ये सगळ्यांचं असंच. मॅडमनी सकाळीच सांगितलंय – नवफर, विमानतळावरून नवी बाई घेऊन ये आणि पासपोर्ट गाडीतच मागून घे. गाडीतच का, ते मला विचारू नकोस, मी ड्रायव्हर. शिक्का बसला की परत. परत म्हणजे – घरातच असतो गं, मॅडमच्या कपाटात, दागिन्यांशेजारी. तुझ्याजवळ राहिला तर तू कुठे ठेवणार, उशीखाली? – ती पिशवी एवढी छातीशी धरू नकोस, मी काय चोर आहे? तंगच्ची म्हणतोय तुला, धाकटी बहीणच तू माझी. तू बट्टिकलोआची ना? मी कल्पिटियाचा. म्हणजे लंकेचेच की आपण दोघं! घे, पुढं खजूर ठेवलेत, खा.

माझा? माझा तिथेच आहे. त्याच कपाटात. – किती वर्षं काय विचारतेस... हा सिग्नल बघ, सुटतच नाही मेला. माणसं वाईट नाहीत हं. मॅडम तर मुळीच नाहीत. ईदला कपडे करतात, मला ताप आला तेव्हा स्वतः दवाखान्यात आल्या होत्या. फक्त पासपोर्टाचं काढलं की – बघू, नवफर. साहेबांना विचारावं तर किल्ली मॅडमकडे, मॅडमना विचारावं तर साहेबांना विचार. रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं! थोरल्या लेकीचं लग्न ठरलं, रिफ्काचं, तेव्हा म्हणाल्या रमझान होऊ दे. रमझान झाला. मग त्यांच्या बहिणीचं बाळंतपण आलं. निकाहाच्या दिवशी मी कुठे, तर मॉलच्या खाली, गाडीत, फोन स्टिअरिंगला टेकवून. मुलगी द्यायची ती बापानं ना? मौलवींनी विचारलं, बाप कुठाय? – आणि माझा धाकटा भाऊ पुढे झाला. रिफ्कानं फोनकडे बघितलं, काहीतरी म्हणाली, ऐकूच आलं नाही गं, कारण तेवढ्यात काचेवर टकटक. डिकी उघड. उघडली. पिशव्या ठेवल्या. मॅडम म्हणाल्या, घरी बोलत होतास? सगळे बरे ना? – बरे आहेत, म्हटलं.

हे तुला कशाला सांगत बसलोय मी! तू नवी, तुझं चांगलंच होईल. आण इकडे – नाही, थांब. नको. मला देऊ नकोस, आत ठेव म्हणतो ना! मॅडमच्या हातात दे, तुझ्या हातानं, आणि देतानाच विचार, परत कधी मिळेल? आजच विचार. नंतर तोंड उघडत नाही, बघतेस ना माझं. मी मागे उभाच आहे सामान घेऊन. – रडू नकोस, फाटक उघडलं, दारातच उभ्या आहेत त्या. डोळे पूस. उतर. चल, उतर लवकर...

हो मॅडम, आलो. हो, हीच. पासपोर्ट? तिच्याकडेच आहे, ती देईल. आणि मॅडम... नाही, गाडी ठीक आहे. माझा. माझा पासपोर्ट, मॅडम. तो परत कधी देताय?