पहिला उतार

मामा : आवाज कसला झाला म्हणालीस? परत सांग. फोन स्पीकरवर टाकलाय, तुझे बाबा इथेच उभे आहेत.

ठमी : काड्कन. वाळकी फांदी मोडावी तसा. मग स्टेअरिंग उजवीकडे ओढलं गेलं आणि मी ब्रेकवर उभी राहिले. अजून उभी आहे.

मिस्त्री : उभी म्हणजे?

ठमी : बसलेलीच आहे हो बाबा. सगळा भार पायावर दिलाय, असं म्हणतेय.

मिस्त्री : पाय काढू नकोस.

ठमी : नाही काढत.

मामा : हँडब्रेक?

ठमी : ओढलाय. इंजिन बंद केलंय, पहिल्या गिअरमध्ये ठेवलीये. तरी पाय जरा सैल केला की खडीवरून सरकते. दोनदा सरकली. एकदा चार बोटं, एकदा वीतभर.

मिस्त्री : सरकणारच. हँडब्रेक मागची चाकं धरतो आणि गिअरही मागचीच. पुढच्या चाकांना इंजिनाशी जोडणारा शाफ्ट इथे बाकावर पडलाय, तू परत आल्यावर बसवायचा म्हणून. उतारावर तोंड खाली करून उभ्या गाडीची मागची चाकं नुसती नावाला टेकलेली असतात. पुढची जी धरलीयेत, ती तुझ्या पायाने.

मामा : दाजी, पोरीला धीर द्यायचाय, शिकवणी नाही घ्यायची.

ठमी : सांगू दे मामा. कळलं की बरं वाटतं. म्हणजे बरं नाही वाटत, पण निदान कळतं.

मिस्त्री : आहेस कुठे नक्की?

ठमी : टेकडीच्या कच्च्या रस्त्यावर, मोठ्या वळणाच्या जरा अलीकडे. माझ्या दारातून खाली झाडांचे शेंडे दिसतात. एकदा बघितलं, आता बघत नाहीये.

मामा : मग पलीकडच्या दाराने उतर.

ठमी : मध्ये गिअरचे दोन दांडे आहेत. पाय इथे ठेवून बाकीची मी तिकडे जाऊ का?

मामा : जीभ जाग्यावर आहे, म्हणजे पोरगी ठीक आहे. ऐक ठमाबाई, मी निघालो. मोटारसायकलवर साखळी बांधतो, चाकाखाली घालायला दोन ओंडके घेतो. वीस मिनिटं. तोवर हलायचं नाही, शिंकायचं पण नाही.

मिस्त्री : मी येतो मागे बसून.

मामा : मागे ओंडके बसतील. तुम्ही तिच्याशी बोलत राहा. आणि दाजी... नीट बोला.

(मोटारसायकल चालू होते आणि तिचा आवाज लांब जातो.)

मिस्त्री : ठमे.

ठमी : हं.

मिस्त्री : खिडकीतून डोकं काढ आणि तुझ्या बाजूचं पुढचं चाक बघ. दरीकडे नाही, नुसतं चाक. कुठे आहे?

ठमी : मागे आलंय. मडगार्डला टेकलंय.

मिस्त्री : आणि त्याच्या आतून येणारा रबराचा पाइप? ब्रेकचा?

ठमी : ताणलाय. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा. बाबा?

मिस्त्री : ऐकतोय.

ठमी : ताणला तर चालतो ना?

मिस्त्री : चालतो.

ठमी : आणि तुटला तर?

मिस्त्री : तुटणार नाही. तू पेडल खालीवर करू नकोस. जेवढं दाबलंयस तेवढंच धर.

ठमी : पाय थरथरायला लागलाय.

मिस्त्री : डावा पाय रिकामा आहे ना? तो त्याच्यावर ठेव. हळूच. ठेवलास?

ठमी : ठेवला. आता दोन्ही थरथरतायत.

मिस्त्री : थरथरू देत. सुटायला नकोत, एवढंच.

ठमी : आधीचंच बरं होतं या गाडीचं. पुढची दोन चाकं सुटीसुटी. एकाचं काही झालं तर एकाचंच व्हायचं. आता एका सलग दांड्यावर दोन्ही. एक बाजू सुटली तर दुसरीपण तिच्यामागे चालली.

मिस्त्री : डॉक्टरीणबाईंना तसाच अ‍ॅक्सल हवा होता. त्या जनावरं तपासायला जातात त्या वाटांवर सुटी चाकं महिन्याला मोडायची. सलग दांडा मोडत नाही.

ठमी : दांडा नाहीच मोडला बाबा. दांड्याला गाडीशी धरणारा जोड सुटलाय. चासीच्या सांगाड्यावरची उजवी ब्रॅकेट. तिथे वेल्डिंगचे चार जोड मारायचे होते. मी एक मारू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, हे चार माझे.

मिस्त्री : म्हणालो.

ठमी : उद्या सकाळी त्या गाडी न्यायला येणार होत्या. दोन मदतनीस आणि औषधाची पेटी घेऊन. थेट याच रस्त्याने वर जाणार होत्या.

मिस्त्री : माहितीये मला.

ठमी : मग उतरताना...

मिस्त्री : ठमे, पुरे.

ठमी : नाही, बोलू दे. गप्प बसले की मला तो पाइप दिसायला लागतो. बोलता बोलता एक विचारते. आपल्या वर्कशॉपचा नियम काय?

मिस्त्री : कुठला?

ठमी : एकच तर नियम आहे. बाकी सगळा गोंधळच. ज्याने जोड मारला, त्यानेच पहिला उतार उतरायचा. दुसऱ्याच्या जिवावर आपलं काम तपासायचं नाही. मी सातवीत होते तेव्हापासून ऐकतेय. तुम्ही ताप अंगात असताना टेम्पो उतरवलात. आई दारात उभी राहून ओरडत होती, तरी उतरवलात.

मिस्त्री : हो.

ठमी : मग आज चावी माझ्या हातात का दिलीत?

मिस्त्री : कंबर धरली होती.

ठमी : काल संध्याकाळी गाडीखाली आडवे होऊन सरकत होतात. तेव्हा नव्हती धरली?

मिस्त्री : सकाळी धरली.

ठमी : मी आईला जाऊन सांगितलं. आज बाबांनी पहिला उतार मला दिला म्हणून. नाचायचंच बाकी होतं. मला वाटलं, मान दिलात.

मिस्त्री : तुझा हक्कच आहे तो.

ठमी : जोड माझा नाही, तर उताराचा हक्क कसला? बाबा, खरं सांगा. मी इथे लटकलेय. लटकलेल्या माणसाशी खोटं बोलू नये.

मिस्त्री : मामा पोचेपर्यंत थांब. मग बोलू.

ठमी : मामा पोचायच्या आत पाइप तुटला तर कुणाशी बोलणार?

मिस्त्री : असं बोलू नकोस.

ठमी : मग सांगा.

मिस्त्री : मला दिसत नाही.

ठमी : काय?

मिस्त्री : दिसत नाही नीट. मागच्या थंडीपासून. मधोमध डाग आलाय, दोन्ही डोळ्यांत. जिथे बघतो, नेमकं तिथलंच दिसत नाही. कडेकडेचं सगळं दिसतं. दार दिसतं, खिडकी दिसते, बाकावरचा पाना दिसतो. आणि पाना घ्यायला त्याच्याकडे बघितलं की तो गायब.

ठमी : थंडीपासून? आठ महिने झाले.

मिस्त्री : ठिणगी दिसते. जोड जिथे मारायचा ती शिवण दिसत नाही. आधी बोटाने चाचपून घ्यायचो, मग हात आपोआप चालायचा. तीस वर्षांचा हात आहे. वाटलं, हाताला दिसतंय.

ठमी : म्हणून खडूची रेघ इतकी जाड मारायला लागलात.

मिस्त्री : म्हणून.

ठमी : मला वाटलं, माझ्यासाठी मारताय.

मिस्त्री : गाडी चालवायची तर बाहेर रस्त्यावर काढतानाच मी कुणाच्या तरी अंगावर घातली असती. आणि नाही चालवत म्हणालो असतो, तर का म्हणून विचारलं असतंत तुम्ही. म्हणून तुला चावी दिली. सगळं मीच केलंय बघ. चोर सोडून संन्याशाला सुळी.

ठमी : आईला माहितीये?

मिस्त्री : कुणालाच नाही. डॉक्टरकडेही गेलो नाही. तो सांगणार, बंद करा काम. मग मी काय करू? स्टुलावर बसून तुम्हाला पाने देऊ? तेही चुकीचे? लोक येणार आणि हळू आवाजात विचारणार, म्हातारा आता काय करतो. भीती वाटली मला. रोज सकाळी कुलूप उघडताना वाटायची. आणि आता वाटतेय ती... असली कधी वाटली नव्हती.

ठमी : तुम्ही घाबरू नका हं. तुम्ही घाबरलात तर मी कुणाचा आवाज धरून बसू?

मिस्त्री : नाही घाबरत.

ठमी : परत खोटं.

मिस्त्री : बरं. घाबरलोय. पण फोन सोडत नाही.

ठमी : बाबा. सरकली.

मिस्त्री : किती?

ठमी : सरकतेय. बाबा, सरकतेय, खडी खाली पडतेय, ऐकू येतं का?

मिस्त्री : दोन्ही पाय. पाठ सीटला लाव आणि दोन्ही पायांनी दाब. पेडल खाली जातंय का?

ठमी : नाही. कडक आहे.

मिस्त्री : मग पाइप शाबूत आहे. स्टेअरिंग डोंगराकडे ओढून धर. बघ थांबते का.

ठमी : थांबली.

मिस्त्री : किती गेली?

ठमी : हातभर. चाकासमोर आता रस्ता फारसा दिसत नाहीये.

मिस्त्री : समोर बघू नकोस. माझ्याशी बोल. काहीही बोल.

ठमी : काय बोलू? तुम्हीच बोला.

मिस्त्री : तू लहान असताना वेल्डिंगची काळी काच डोळ्याला लावून घरभर हिंडायचीस. भिंतीवर आपटायचीस आणि म्हणायचीस, मी मिस्त्री, मला फक्त ठिणगी दिसते.

ठमी : हे आत्ताच सांगायचं होतं?

मिस्त्री : आठवलं ते सांगितलं.

ठमी : बाबा, मोटारसायकल. येतेय, खालून येतेय. मामा, इकडे. हळू या, खडी आहे.

मामा : दिसलीस, दिसलीस. पाय ब्रेकवर ठेव आणि माझ्याकडे बघू नकोस, मी काही देखणा नाही. हा एक ओंडका. लाथ मारून बसवतो. हा दुसरा. आता साखळी. झाड चांगलं जाड आहे. थांब, मागच्या हुकात अडकवतो. झालं. दाजी, ऐकताय का?

मिस्त्री : ऐकतोय. चाक ओंडक्यावर टेकलंय का?

मामा : टेकलंय. साखळीपण ताणलीये. आता गाडी जाते म्हणाली तरी जाणार नाही. ये ठमाबाई, या बाजूने ये. दार उघडून धरलंय.

ठमी : पाय उचलत नाहीये मामा. मी उचलतेय, पण तो उचलत नाहीये.

मामा : असं कसं? तुझाच पाय आहे.

ठमी : कळतंय मला. उचलत नाहीये.

मिस्त्री : ठमे. पाय काढ आता.

ठमी : तुम्हीच म्हणालात, काढू नको.

मिस्त्री : आता मीच म्हणतोय, काढ.

ठमी : नक्की?

मिस्त्री : मामाला दिसतंय. मी त्याच्या डोळ्यांनी सांगतोय. आधी वरचा पाय, मग खालचा.

ठमी : काढला. नाही सरकली. बाबा, नाही सरकली.

मामा : शाब्बास. हात दे. बस इथे दगडावर, डोकं गुडघ्यात घाल. फोन माझ्याकडे आण. दाजी, उतरली. जमिनीवर आहे पोरगी.

मिस्त्री : हं.

मामा : दाजी?

मिस्त्री : आहे इथेच. तिला लागलंय का कुठे?

मामा : नाही. सगळी धड आहे.

मिस्त्री : जोड बघ.

मामा : आल्याआल्याच बघितला. घरी आल्यावर बोलू.

मिस्त्री : आता सांग. तिच्यासमोर.

मामा : अर्ध्यापर्यंत शिवणीवर आहे. तिथून पुढे बोटभर बाजूला गेलाय, नुसता चासीवर. दिसायला सुरेख आहे, पण ब्रॅकेटला धरलेलंच नाही.

ठमी : बाकीचे तीन?

मामा : ते आता सगळे खरवडून बघायचे. दाजी, माझंही एक ऐकून घ्या. वरून काळा रंग मीच मारला. तेव्हा दिसलं होतं मला.

मिस्त्री : दिसलं होतं?

मामा : ब्रश दोन मिनिटं हातात धरून उभा होतो. मग म्हटलं, दाजींचा जोड आहे. एकोणीस वर्षं तुमच्या जोडावर बोट ठेवलं नाही, आता कसं ठेवायचं. असेल काही त्यांच्या मनात. आणि रंग मारला.

ठमी : वा मामा. त्यांना दिसत नव्हतं, तुम्हाला दिसलं आणि गाडीत मी.

मामा : दाजींना दिसत नव्हतं? आणि मी वरून रंग मारला. बोल. काय हवं ते बोल. दगडावर बसल्या बसल्या मारलंस तरी चालेल.

मिस्त्री : त्याला बोलू नकोस. माझ्यासमोर तोंड उघडायला मी त्याला कधी जागाच ठेवली नव्हती.

ठमी : डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं?

मिस्त्री : मी सांगतो. जे झालं ते सगळं. उद्या यायच्या आत फोन करतो. आणि परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. एकटा नाही जाणार, आईला घेऊन जातो.

ठमी : चारही जोड मी कापणार आणि मीच मारणार. तुम्ही हात लावायचा नाही.

मिस्त्री : नाही लावत. मग पहिला उतार तुझाच.

ठमी : माझाच. पण तुम्ही शेजारी बसायचं.

मिस्त्री : मला काय दिसणार तिथून?

ठमी : कडेचं दिसतं म्हणालात ना? दरी कडेलाच असते, बाबा.